हॅलोजन गेले, एलईडी आले. पण ते वाहणारा टेम्पो तेवढाच कसा?

सायकमागचा (धागाकर्ता)

नाटकाच्या बैठकीत हल्ली लाइट्सचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "आपण सगळं एलईडीवर करतोय, म्हणजे पर्यावरणाचा प्रश्न मिटला." मला हे अर्धंच पटतं. पुण्यात प्रकाशयोजना करणारे, दिव्यांच्या कंट्रोल बोर्डावर बसणारे, शिडीवर चढून फोकसिंग करणारे बरेच जण इथे आहेत. सगळ्यांनी मोकळेपणाने लिहावं म्हणून हा धागा.

आधी एलईडीची बाजू, कारण ती भक्कम आहे. आपला नेहमीचा पार ६४ म्हणजे १००० वॅटचा दिवा. त्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज उष्णतेत जाते आणि उरलेल्याचा उजेड पडतो. आता त्याच्यापुढे गडद निळं जिलेटीन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावा. रात्र म्हणजे निळा, हे आपल्याकडे इतकं ठरून गेलंय की संहितेत नुसतं 'रात्र' दिसलं तरी निळ्या फ्रेम काढल्या जातात. ली कंपनीच्या १८१ नंबरच्या काँगो ब्लूमधून जेमतेम एक टक्का उजेड पलीकडे जातो, बाकीचा त्या पातळ कागदात जिरतो. प्रयोग संपल्यावर ज्यांनी फ्रेम उतरवली आहे त्यांनी हे पाहिलेलं असतं: मधोमध रंग उडालेला पांढरट गोल, त्याच्या कडेने सुरकुत्या, कधी आरपार भोक. एलईडीत निळा हवा असेल तर निळ्या चिप्स पेटतात. गाळून फेकायला काही उरतच नाही. गडद रंगांत तिचा फायदा म्हणूनच प्रचंड आहे.

डिम केलेल्या हॅलोजनचंही तेच. व्होल्टेज निम्मं केलं तर उजेड दहाव्या हिश्शावर येतो, पण वीज मात्र तिसरा हिस्सा खातच राहते. म्हणजे मंद, हळव्या प्रसंगात हॅलोजन सगळ्यात उधळा असतो.

साध्या उबदार पांढऱ्या उजेडात, दिवाणखान्याच्या प्रवेशात, वीज वाचते पण फरक एवढा मोठा नसतो. शिवाय स्वस्त आरजीबी (लाल-हिरव्या-निळ्या चिप्सच्या) पारने मारलेला पांढरा चेहऱ्यावर पडला की कातडीचा रंग मरतो. सावळ्या नटाचा चेहरा राखाडी दिसतो. हे मी सहन करू शकत नाही. वीज वाचवायची म्हणून नटाचा चेहरा घालवायचा, हा सौदा मला मान्य नाही.

आता माझा खरा मुद्दा. एलईडी आल्यापासून आपण दिवे जास्त मागायला लागलो. पूर्वी नाट्यगृहाचा थ्री-फेज लोड आणि डिमरची (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची) चॅनल संपली की विषय संपायचा, त्यामुळे कुठला दिवा कशासाठी याचा विचार करावाच लागायचा. आता "करंट कुठे लागतोय?" असं म्हणत चाळीस पार आणि आठ मूव्हिंग हेड्स (बोर्डावरून फिरवता येणारे दिवे) लावले जातात. त्यातले निम्मे नाटकभर एकाच क्यूला, म्हणजे उजेड बदलण्याच्या एकाच ठरलेल्या क्षणी, पेटतात. ते सगळं भाड्याने येतं, टेम्पोत चढतं, उतरतं, रंगमंचावरच्या आडव्या बारवर लटकतं, रात्री परत उतरतं. दुसऱ्या दिवशी त्याच नाट्यगृहात दुसरा संच येतो आणि दुसऱ्या गोडाऊनमधून जवळपास तेच दिवे आणून त्याच बारवर लटकवतो.

माझ्या मते पर्यावरणाचा सगळ्यात मोठा निर्णय दिव्याच्या जातीचा नाही. तो दिवे किती लागतात आणि ते कुठून येतात याचा आहे. प्रत्येक नाट्यगृहात एक कायमची सामायिक मांडणी टांगलेली असावी: समोरून रंगमंचाचे नऊ भाग, प्रत्येकाला दोन बाजूंनी, वर बॅकलाइट, सायकला (मागच्या मोठ्या पडद्याला) वेगळी रांग. नाटकवाल्याने यावर आपली योजना बसवावी आणि फक्त स्पेशल दिवे बरोबर आणावेत. जिथे रोज वेगळं नाटक असतं अशा युरोपातल्या रेपर्टरी नाट्यगृहांत हीच पद्धत रूढ आहे. आपली पुण्याची बालगंधर्व, टिळक स्मारक, भरत, यशवंतराव ही नाट्यगृहं याहून वेगळं काय करतात? सकाळ-दुपार-रात्र वेगवेगळे प्रयोग.

एक जुनी गोष्ट मनात येते. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल झालं. संपूर्ण विजेच्या दिव्यांचं पहिलं सार्वजनिक नाट्यगृह म्हणतात ते लंडनचं सॅव्हॉय १८८१ चं. म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा पहिला उजेड ज्योतीचा होता. मी मागे जा म्हणत नाहीये. पण किती उजेड म्हणजे पुरेसा, हे दर पिढीने नव्याने ठरवलं आहे, आणि आपणही ठरवू शकतो.

तुमचे अनुभव लिहा. विरोध असेल तर तोही लिहा.

---

डिमरदादा

चांगला धागा. बोर्डावर बसणारा माणूस म्हणून लिहितो.

एलईडीचा खरा त्रास शेवटच्या दहा टक्क्यांत आहे. दहा सेकंदांचा फेडआउट असेल तर हॅलोजनची फिलामेंट आधी अंबर होते, मग लालसर, मग निवते. प्रेक्षकाला कळतही नाही कधी अंधार झाला. स्वस्त एलईडी तिथे पायऱ्या पायऱ्यांनी उतरते आणि शेवटी फट्‌कन विझते. सगळ्या प्रसंगाची वाट लागते. चांगल्या कंपनीचे दिवे घेतले तर हे होत नाही, पण भाड्याच्या मालात ते क्वचित मिळतात.

दुसरं, पंखे. सुदर्शन रंगमंच किंवा द बॉक्ससारख्या लहान जागेत, जिथे प्रेक्षक नटाच्या जवळ असतात, नट कुजबुजतो तेव्हा डोक्यावरच्या बारा दिव्यांचे पंखे ऐकू येतात. पंख्याविना येणारे दिवे मागून घ्या, मिळतात.

आमच्या ग्रुपचा मधला मार्ग: चेहऱ्यासाठी समोरचे मोजके हॅलोजन, रंग आणि सायक सगळं एलईडीवर. हॅलोजन टिकवायचा असेल तर तो पूर्ण व्होल्टेजला कधीच नेऊ नका. ५ टक्के व्होल्टेज कमी केलं की आयुष्य जवळपास दुप्पट होतं. पार ६४ चा दिवा कंपनीच्या हिशोबाने ३०० तासांचा, म्हणजे हा फरक खिशाला जाणवतो. आणि दिवा गरम असताना पार हलवू नका, फोकसिंगच्या घाईत निम्मे दिवे तिथेच जातात.

---

युनिटमोजे

मी नाटकवाला नाही, प्रेक्षक आहे. पेशाने विद्युत अभियंता. हिशोब मांडतो, आकडे मुद्दाम सोपे घेतलेत, कुणी दुरुस्त केले तर आनंदच.

२४ पार, १००० वॅटचे. पूर्णवेळ पूर्ण पेटत नाहीत म्हणून सरासरी निम्मा लोड धरू. १२ किलोवॅट, अडीच तास: ३० युनिट. आपल्या देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे एका प्रयोगाला २१ किलो. त्याच जागी दीडशे वॅटचे एलईडी पार धरले तर साडेचार युनिट, सुमारे ३ किलो.

एसी असेल तर आणखी. पूर्ण पेटलेले २४ पार म्हणजे २४ किलोवॅटचा हीटर, तो शमवायला जवळपास सात टन एसी लागतो. हे धाग्यात कुणी लिहिलं नव्हतं म्हणून.

आता टेम्पो. गोडाऊन ते नाट्यगृह दहा किलोमीटर, आणणं-नेणं रिकाम्या फेऱ्यांसकट ४० किलोमीटर, लिटरला १० धरले तर ४ लिटर डिझेल. लिटरमागे २.७ किलो, म्हणजे ११ किलो. हॅलोजनच्या काळात टेम्पो हा विजेच्या निम्मा होता. एलईडीनंतर तो विजेच्या तिप्पट-चौपट झाला. धाग्याच्या शीर्षकातला प्रश्न आकड्यातही खरा आहे.

पण दौऱ्याची बस बघा. पुणे-मुंबई-पुणे ३०० किलोमीटर, लिटरला ४ धरा: ७५ लिटर, २०० किलो. त्यापुढे बाकी सगळं किरकोळ आहे. मग प्रकाशयोजनेवर एवढा खल कशाला, असा प्रश्न मला प्रामाणिकपणे पडला आहे.

---

सायकमागचा

युनिटमोजे, अतिशय उपयोगी प्रतिसाद. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच हिशोबात आहे. ती बस एवढी मोठी का लागते? नटसंच, नेपथ्य आणि लाइट्स. जिथे जाऊ तिथे सामायिक मांडणी टांगलेली असेल तर डिमर रॅक, जाड केबलची भेंडोळी, स्टँड, पेट्या यातलं बहुतेक घरी राहतं. वजन उतरलं की गाडी लहान होते. लाइट्सचा विचार बसपासून वेगळा काढता येत नाही.

आणि दुसरं, बस ही निर्मात्याची गोष्ट आहे. प्रकाशयोजना माझी आहे. माझ्या हातात जे आहे तिथे मी आधी बघणार.

---

कट्ट्यावरची

मी सेकंड इयरला आहे, कॉलेजच्या एकांकिकेच्या लाइट्स करते. आमचं बजेटच नसतं. स्पर्धेत आयोजकांच्या लाइट्स आधीच लागलेल्या असतात आणि आम्हाला थोडंफार फोकसिंग बदलायला वेळ मिळतो. आजवर मला वाटायचं की ही अडचण आहे. हा धागा वाचून वाटतंय की सायकमागचा दादा म्हणतोय ती सामायिक मांडणी हीच असते ना? मग त्यात चांगलं काम कसं करायचं ते कुणी सांगेल का? पर्यावरणाचं कळलं, पण मला प्रसंग उभा करायचाय.

---

विंगेतली

कट्ट्यावरची, अगदी बरोबर ओळखलंस. तुला जे मिळतंय तीच सामायिक मांडणी. आणि तुझ्या प्रश्नासाठी मी हा धागा उघडला असं समज.

मी कितीतरी वर्षं बॅकस्टेज करते. तुला एकच सांगते: कागदावर दिव्यांची यादी करण्याआधी अंधाराची यादी कर. प्रत्येक प्रसंगात रंगमंचाचा कुठला भाग दिसायला नको, ते आधी लिही. बहुतेक नवीन मुलं सगळं उजळून मग थोडं कमी करतात. उलट कर. काळोखातून सुरू कर आणि एकेक दिवा जोडत जा. नटाचा चेहरा आणि तो जिकडे बघतोय ती दिशा एवढं दिसलं की थांब आणि दिग्दर्शकाला विचार, अजून काय हवंय. बहुतेक वेळा उत्तर "काही नाही" असं येतं.

एक प्रसंग सांगते. आम्हाला पहाट हवी होती. एका खोलीत आजारी माणूस आणि जागरण झालेली त्याची बायको. आधीच्या योजनेत त्या पहाटेला निळा, मग गुलाबी, मग अंबर, अशी रांगच होती. जागेवर दिवे नव्हते. शेवटी ५०० वॅटचा एकच हॅलोजन विंगेत जमिनीवर ठेवला आणि त्याचं तोंड नटांकडे न करता उलट्या बाजूला, विंगेत उभ्या बांधलेल्या धुतलेल्या सुती चादरीवर केलं. चादरीवरून परतलेला उजेड आडवा, सावकाश खोलीत शिरला. बायकोच्या गालाची एक बाजू उजळली, नवऱ्याचा पलंग अर्धा अंधारातच राहिला. मिनिटभरात हळूहळू वाढवला. तेवढीच पहाट. तिला रंग लागला नाही, कारण चादरीनेच उजेड मऊ केला होता. (चादर दिव्यापासून चांगली लांब आणि ताठ बांधलेली असू दे, आणि तिथे एक माणूस उभा ठेव. हॅलोजनजवळ कापड हा आगीचा विषय आहे, त्यात हयगय नको.)

प्रकाशयोजनाकार तापस सेन यांच्याबद्दल वाच. १९५९ मध्ये कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये उत्पल दत्तांच्या 'अंगार'साठी त्यांनी कोळशाच्या खाणीत शिरणारं पाणी निव्वळ उजेडातून उभं केलं होतं. त्या काळात आजच्या एवढी सामग्री कुणाकडे होती?

---

तपकीर गल्लीकर

लाइट्स दुरुस्तीचं काम करतो. इथे सगळे वीज आणि डिझेल बोलताहेत, कचरा कुणी बोलत नाही.

हॅलोजनचा पार म्हणजे एक डबा, एक होल्डर, एक दिवा. डबा वीस-पंचवीस वर्षं चालतो. दिवा गेला, नवा टाकला. एलईडी पार बंद पडतो तेव्हा चिप्स बहुतेक वेळा चांगल्या असतात. जातो तो ड्रायव्हर (चिप्सना वीज पुरवणारं सर्किट), पॉवर सप्लाय नाहीतर पंखा. पंख्यात धूळ बसते, तो अडकतो, आत उष्णता वाढते, मग ड्रायव्हर जातो. वेळेवर ब्रशने पंखा साफ केला असता तर काहीच झालं नसतं. बुधवार पेठेत पॉवर सप्लायही मिळतात आणि पंखेही. पण काही स्वस्त मॉडेलमध्ये सगळं एकाच बोर्डावर असतं आणि तो बोर्ड सुटा मिळत नाही. मग अख्खा दिवा भंगारात. नवीन दिवे घेताना दुकानदाराला एकच विचारा: याचा ड्रायव्हर सुटा देशील का, आणि पाच वर्षांनी देशील का? गप्प बसला तर तो दिवा घेऊ नका, कितीही स्वस्त असू दे.

दुसरं, चालू हॅलोजन फेकून नवीन एलईडी घेणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. जुन्या पारच्या डब्यात बसणारे एलईडी मॉड्यूल मिळतात. वर्षातून मोजकेच प्रयोग होत असतील तर चालू दिवा चालेपर्यंत वापरावा. रोज तीन प्रयोग असलेल्या नाट्यगृहाचं गणित वेगळं, तिथे लगेच बदला.

बंद पडलेले एलईडी हा ई-कचरा आहे. नवे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्रालाच माल द्या, नाहीतर तो कुणाच्या तरी अंगणात जाळून तांबं काढलं जातं.

---

पेठेतला प्रेक्षक

विषयाला थोडं सोडून विचारतो. गणपतीत ट्रॉल्यांवर ज्या आभाळात झोत मारणाऱ्या शार्पी असतात, त्यांचं काय? त्याही नाटकाला वापरतात का?

---

तपकीर गल्लीकर

नाटकात क्वचित, नृत्य आणि इव्हेंटला जास्त. जुन्या शार्पीत डिस्चार्ज दिवा असतो आणि त्यात पारा असतो. विझवून लगेच पुन्हा पेटवता येत नाही, म्हणून मिरवणूक थांबली तरी तो चालूच ठेवतात, फक्त शटर बंद. वीज जातच राहते. फुटलेला दिवा साध्या कचऱ्यात टाकू नका आणि उघड्या हाताने काच गोळा करू नका, एवढं मंडळाच्या मुलांना जरूर सांगा. एलईडीवरच्या बीम आता आल्या आहेत.

---

चावीवाले काका

एका नाट्यगृहाच्या व्यवस्थेत काम केलेलं आहे, नाव लिहीत नाही. सामायिक मांडणीची कल्पना चांगली आहे, पण आमच्या बाजूने बघा. सकाळी बालनाट्याची मंडळी येतात, दुपारी शाळेचं गॅदरिंग, रात्री व्यावसायिक नाटक. प्रत्येक जण शिडी लावून दिवे फिरवतो. रात्री नऊच्या प्रयोगाला प्रकाशयोजनाकार येऊन म्हणतो, "माझा फोकस कुठे गेला?" तुटलेला क्लॅम्प, गायब सेफ्टी चेन, जळलेला प्लग कुणाच्या नावावर टाकायचा? म्हणून शेवटी आम्ही कुलूप लावतो आणि तुम्ही भाड्याचे आणता. तुमच्या मांडणीला रोज हजर असणारा, हातात अधिकार असलेला एक तंत्रज्ञ हवा. त्याचा पगार कोण देणार ते आधी सांगा.

---

सायकमागचा

काका, हा सगळ्यात खरा विरोध आहे आणि माझ्याकडे याला झटपट उत्तर नाही. पण दिशा दिसते. समोरचे नऊ भाग आणि सायक यांना कुणीच हात लावायचा नाही. ते एकदा फोकस करून बारला खूण करून ठेवायचे. फिरवायचे असतील तर वेगळ्या दोन बारवरचे दिवे. सुरुवातीला आणि शेवटी नाट्यगृहाचा माणूस आणि संचाचा माणूस मिळून एका कागदावर सही करतील. तंत्रज्ञाच्या पगाराचं म्हणाल तर आज प्रत्येक संच टेम्पो, हमाली आणि भाडं मिळून जे देतो, त्यातला एक हिस्सा नाट्यगृहाच्या भाड्यात मिळवायला बहुतेक संस्था तयार होतील. निदान मी ज्यांच्याबरोबर काम करतो त्या होतील.

आणि पैसा न लागणारी एक गोष्ट लगेच करता येईल: प्रत्येक नाट्यगृहाने आपल्या बारची उंची, बारमधलं अंतर, सर्किट किती, डीएमएक्सची (बोर्डावरून दिव्यांना आज्ञा नेणाऱ्या केबलची) जागा कुठे आणि कुठले दिवे चालू स्थितीत आहेत याचा नकाशा जाहीर करावा. आज हे माहीत नसतं म्हणून माणूस घाबरून जास्तीचे दिवे बरोबर आणतो. मीसुद्धा आणतो.

---

डिमरदादा

नकाशाला जोरदार अनुमोदन. भरतचा आणि ज्योत्स्ना भोळे सभागृहाचा माझ्याकडे हाताने काढलेला आहे, स्वच्छ करून इथे टाकतो.

काका, सह्यांच्या कागदात सेफ्टी चेनचा वेगळा रकाना ठेवा. तीच सगळ्यात आधी जाते.

---

विंगेतली

युरोपात काय झालं तेही नोंदवते, म्हणजे कुणी "हॅलोजनवर बंदीच येणार आहे" असं म्हणून घाबरवणार नाही. २०१८ मध्ये तिथल्या नव्या दिवे-नियमांच्या मसुद्याने रंगमंचाचे बहुतेक दिवे बाद झाले असते. नाट्यकर्मींनी मोठी मोहीम उभारली आणि २०१९ च्या अंतिम नियमात रंगमंचाच्या अनेक दिव्यांना सवलत मिळाली. पुढे ब्रिटनमधल्या नाट्यसंस्थांनी आपणहून २०२१ मध्ये थिएटर ग्रीन बुक काढलं. त्यात आधी वापरलेलं साहित्य किती आणि प्रयोग बंद झाल्यावर त्याचं पुढे काय, हे विचारलेलं आहे. सक्ती येण्याची वाट न बघता रंगकर्मींनीच आपले नियम लिहिले, हे मला आवडलं. आपलेही आपण लिहू.

---

युनिटमोजे

माझा आधीचा प्रश्न मागे घेत नाही, पण गाडी लहान होण्याचा मुद्दा पटला. माझे आकडे अंदाजाचे आहेत. माझ्याकडे क्लॅम्प मीटर आणि ऊर्जा नोंदवणारं यंत्र आहे. कुणाच्या रंगीत तालमीला मुख्य केबलवर लावू दिलंत तर खरे युनिट मिळतील, क्यूनुसार. एकच नाटक आधी नेहमीच्या योजनेत आणि मग विंगेतली ताई सांगतात तसं अंधारापासून सुरू करून मोजायला मला फार आवडेल.

---

कट्ट्यावरची

आमची रंगीत तालीम पुढच्या आठवड्यात आहे! गुरुवार सोडून कुठलाही दिवस चालेल, त्या दिवशी आमच्या भागात वीज जाते. दिग्दर्शकाला विचारलं, तो हो म्हणाला. ताई, तुम्ही याल का? चादर मी धुऊन आणते.

---

विंगेतली

येते. दोन आण, आणि पांढऱ्याच, नीळ न घातलेल्या. वेळ आणि जागा व्यक्तिगत निरोपात कळव.